कॅनरीसह दोघींचा महिन्याचा खर्च

व्हँकुव्हर,
१४ जानेवारी २०२४

प्रिय मिर्का,

जुन्या कॅलेंडरप्रमाणे आज नवं वर्ष. आपल्या युक्रेनी चर्चनेही आता तारखा बदलल्या म्हणतात, पण तुला मी आजच लिहिणार. शाळा सुटल्यापासून आजच लिहीत आले आहे.

बातमी चांगली नाही. आमची इमारत पाडणार आहेत. बावीस वर्षं राहिले इथे. सकाळी दार उघडलं तर दारावर नोटीस चिकटवलेली, शेजारच्या दारावरही तीच. जूनअखेर घर रिकामं करायचं. इथे मी अकराशे डॉलर भाडं भरते, तेही जुनी भाडेकरू म्हणून. याच गल्लीत नवं घर घ्यायचं तर चोवीसशे. माझी अख्खी पेन्शन दिली तरी पुरायची नाही.

डॅनी केलोनाहून सारखा फोन करतो, "आई, सरळ आमच्याकडे ये." पण सुनेच्या स्वयंपाकघरात माझी बीटच्या बोर्श्तची कढई कुठे मावणार? मीच नको म्हणते.

मग तुझी आठवण झाली. विनिपेग स्वस्त आहे असं सगळेच म्हणतात, पण सगळ्यांवर माझा विश्वास नाही. तू लिही. घरभाडं, हीटिंग, काळा पाव, आंबट साय, बसचं भाडं, सगळं. सिस्टर योसाफाताच्या गृहशास्त्राच्या तासाला लिहायचो तसं, एकाखाली एक.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं "सगळं छान" म्हणतेस.

तुझी,
स्टेफा

◆

विनिपेग,
२९ जानेवारी

अगं स्टेफा,

तुझं पत्र आलं तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं. पाकीट इतकं गार होतं की मी ते आधी चहाच्या किटलीजवळ ठेवलं आणि मगच फोडलं.

इमारत पाडणार हे वाचून वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी एक क्षण, फक्त एक क्षण, मला आनंद झाला. देव क्षमा करो.

सिस्टर योसाफाता! ते "काल्पनिक घर" आठवतं ना? सगळ्या मुलींनी नवरा, दोन मुलं आणि गाय धरून महिन्याचा खर्च मांडला होता. आपण दोघींनी एकच वही दिली: विनिपेगमधलं दोन खोल्यांचं घर, तू, मी आणि एक कॅनरी. कॅनरीच्या दाण्याला महिना पंचवीस सेंट. सिस्टरने चष्मा नाकावर खाली घेऊन विचारलं होतं, "मुलींनो, नवरे कुठे आहेत?" आणि तू म्हणालीस, "सिस्टर, ते खर्चात बसले नाहीत." अख्खा वर्ग हसला आणि आपल्या दोघींना शनिवारभर चॅपलची फरशी पुसायला लावली. वर शेरा काय, तर हीटिंग धरायला विसरलात! सस्कॅचवानच्या माळरानावर वाढलेल्या आपण, आणि हीटिंग विसरलो.

या वेळी विसरत नाही. माझ्या घरापासून तिसरी इमारत, विटांची, ती तुला आठवेल. तिथे एका खोलीचं घर साडेआठशेला मिळतं, हीटिंग धरून. हलुश्का बेकरीतला काळा पाव तीन डॉलर. आंबट साय दोन एकोणतीस. चर्चच्या तळघरात बायका दर शुक्रवारी बटाट्याचं सारण भरून पेरोगी करतात, डझनाला पाच डॉलर, आणि मिसेस हलुश्का ओळखीच्यांना दोन जास्त घालतात. बससुद्धा स्वस्त.

माझा झेनोन गेल्यापासून घर जरा मोठं वाटतं, एवढंच. बाकी मी मजेत आहे.

तुझी,
मिर्का

◆

व्हँकुव्हर,
१२ फेब्रुवारी

प्रिय मिर्का,

तुझे आकडे मी तीनदा मांडले. आत्ता भरते त्यापेक्षाही महिन्याला तीनशेच्या वर वाचतात! मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा केलं, तेच आलं. त्या आनंदात मी पेस्ट्री आणली, म्हणजे या महिन्याचे सात वाचलेच नाहीत.

आता नीट वाच. इथल्या चर्चच्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी झाली आहे. चार वर्षं यादीत होते, आता नंबर लागला. फादर म्हणाले, "मिसेस स्टेफा, मार्च उजाडायच्या आत सांगा, मागे खूप लोक आहेत." खोली एवढीशी आहे, खिडकीतून समोरची भिंत दिसते, आणि पियानो तर दारातूनच आत जाणार नाही. पण ती परवडते, आणि माझ्या मरणापर्यंत परवडेल. शिवाय माझ्या वॉल्टरची कबर तिथून एका बसवर आहे. रविवारी जाता येतं.

म्हणून तुला सरळ विचारते. तुझे भाव धरून मी फादरांना नाही म्हणू? एकदा नाही म्हटलं की ती खोली पुन्हा मिळणार नाही. ते विटांच्या इमारतीतलं घर तू स्वतः बघितलंस का?

डॅनी अजून मागे लागला आहे. त्याला म्हटलं, विचार करते.

तुझी,
स्टेफा

◆

विनिपेग,
२४ फेब्रुवारी

स्टेफा,

नाही म्हण. भिंतीकडे बघत म्हातारं व्हायला आपण ननांच्या हाताखाली वाढलो का?

इमारत मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसते. लाल पडद्यांचं घर रिकामंच असावं, तिथे रात्री दिवा नसतो. तू तिथे राहिलीस तर मला तुझा दिवा दिसेल. मी माझा दिवा दोनदा बंद-चालू करीन, म्हणजे "चहा ठेवलाय, ये". वसतिगृहात सिस्टर झोपली की आपण टॉर्चने करायचो तसं.

मिसेस हलुश्कांना तू येणार म्हणून सांगायला हवं. त्या तुझ्यासाठी पाव बाजूला काढून ठेवतील.

वॉल्टरचं मला कळतं. त्याबद्दल काय लिहावं ते मला येत नाही.

नाही म्हण.

मिर्का

◆

व्हँकुव्हर,
१९ मार्च

मिर्का,

मी फादरांना नाही म्हटलं. ती खोली आता मिसेस पावलिकची. परवा तिने पडदेसुद्धा लावले.

काल मी तुझ्या विटांच्या इमारतीच्या मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "एक हजार दोनशे ऐंशी. हीटिंग वेगळं." मी म्हटलं, साडेआठशे ना? तो हसायलाच लागला. "बाई, तुम्ही कुठल्या वर्षातून फोन करताय?"

मग बेकरीला लावला. तुझ्या जुन्या पत्राच्या पाठीवर नंबर होता. फोन एका मुलीने उचलला. म्हणाली, "बेकरी? ती आम्ही यायच्या आधीच बंद झाली हो. इथे आता नखं करतात. तुम्हाला अपॉइंटमेंट हवीय का?"

मग तुमच्या चर्चला. पेरोगी करणाऱ्या बायका थकल्या, दोन वर्षांपूर्वी ते काम थांबलं. आणि मिसेस हलुश्का, जिला माझ्याबद्दल सांगायचं होतं, तिला जाऊन दोन वर्षं होत आली.

मी तुला सरळ विचारलं होतं. चार वर्षं थांबून मिळालेली खोली सोडू का, असं विचारलं होतं. तू मेलेल्या बाईच्या हातचा पाव दाखवून मला बोलावलंस. एकटीला करमत नाही तर तसं लिहायचं होतंस. भाव कशाला पाडलेस?

आता जून आला की मी कुठे जाणार, हे तूच सांग. नाहीतर नको सांगूस. तुझ्या सांगण्यावर मी काय ठरवणार?

स्टेफा

◆

व्हँकुव्हर,
१० एप्रिल

मिर्का,

उत्तर नाही. फोन वाजत राहतो, तू उचलत नाहीस. माझा राग अजून आहे, पण तो एका हातात धरून दुसऱ्या हाताने हे लिहिते आहे. आजारी आहेस का? एक ओळ तरी लिही. रागावलेली ओळ चालेल.

स्टेफा

◆

विनिपेग,
२१ एप्रिल

स्टेफा,

आजारी नाही. तुझं पत्र टेबलावर होतं आणि मी त्याच्या बाजूला बसून जेवत होते.

तुला एक सांगते, जे लारिसालाही माहीत नाही. लारिसा म्हणजे झेनोनची भाची, टोरोंटोची.

झेनोन असताना दुकानात तोच जायचा. मला गाडी येत नाही, तुला माहीत आहे. दर शनिवारी तो पिशव्या आणायचा, मी एकेक वस्तू कपाटात लावायचे, आणि तो कोट न काढताच टेबलाशी बसून, चष्मा लावून, बिल मोठ्याने वाचायचा. रेडिओवरच्या बातम्या वाचाव्यात तसं. "आंबट साय, दोन एकोणतीस! लुटारू आहेत, लुटारू!" "काळा पाव, तीन. हलुश्का बाई अजून माणसात आहेत." वाटेत कुणाचं घर भाड्याने लागलं, चर्चमध्ये कोण भेटलं, तेही त्याच बिलात यायचं. मी म्हणायचे, "अरे, कोट तरी काढ!" तो म्हणायचा, "आधी हिशेब, मग कोट." इतकी वर्षं दर शनिवारी हेच.

तो ऑक्टोबर २०२० मध्ये गेला. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, आणि मास्कमधून कोण रडतंय ते कळत नव्हतं. नंतर मी घरात राहिले, कारण सगळेच घरात होते. मग सगळे बाहेर पडले आणि मी राहिले. पहिला हिवाळा म्हटलं, बर्फ आहे. वसंतात म्हटलं, चिखल आहे. पुढे कारण शोधायचंही बंद झालं. लारिसा तिकडून संगणकावर सामान मागवते, खोकं पायरीवर येतं, पैसे बँकेतून जातात, बिल तिच्याकडेच राहतं. चर्चला जायचीही मी बंद झाले. फादर येऊन गेले दोनदा. मी आत होते, दार उघडलं नाही.

तू भाव विचारलेस आणि मला सगळे तोंडपाठ येत होते. एकही अडला नाही. लिहिताना मला इतकं बरं वाटलं, स्टेफा, कारण ते सगळे त्याच्या आवाजात येत होते. ते कधीचे आहेत हा विचारच माझ्या मनात आला नाही. या घरात तो शेवटचं बिल वाचून थांबलाय, तिथेच दुकानं थांबली आहेत.

हे पहिल्या पत्राचं झालं. दुसऱ्याचं तसं नाही. "तू स्वतः बघितलंस का" असं तू विचारलंस तेव्हा मला कळलं होतं की मी काहीच बघितलेलं नाही. तरी "नाही म्हण" लिहिलं. पाकीट शेजारच्या लुझच्या हाती पोस्टात टाकायला दिलं आणि ते परत मागावं म्हणून दारापर्यंत गेले. पायरी उतरले नाही.

मिसेस हलुश्का गेल्या हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

मिर्का

◆

व्हँकुव्हर,
३ मे

माझी मिर्का,

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि दोन थांबे पुढे गेले.

आता माझं ऐक. डॅनीने मला कधीच बोलावलं नाही.

जानेवारीत नोटीस आली तेव्हा मी त्याला फोन केला. तो त्याच आठवड्यात आला, चार तास गाडी चालवून, चांगला मुलगा आहे. माझ्या टेबलावर संगणक उघडून बसला. कुठलं तरी पान असतं, दोन शहरांची नावं घातली की खर्चाची तुलना करून देतं: दूध इतकं, भाडं इतकं, जोडे इतके. त्याने माझ्यासाठी चार शहरांचे कागद छापून आणले होते. विनिपेग, रेजायना, एडमंटन, मंक्टन. मंक्टन! तिथे मी कुणाला ओळखते? मी चारही कागद बघितले आणि म्हटलं, "आणि केलोना?" तो कागद सारखे करत म्हणाला, "केलोना महाग आहे, आई."

खरंच महाग आहे. नंतर मी बघितलं.

विनिपेगचे खरे आकडे तेव्हापासून माझ्या कपाटात होते, मिर्का. मी ते उघडले नाहीत. मला तुझे हवे होते. डॅनीच्या कागदावर विनिपेग हे चारांतलं एक शहर होतं, तुझ्या पत्रात तिथे माझ्यासाठी कुणी पाव बाजूला ठेवणार होतं. तेव्हा मी फसले, कारण मीही फसायलाच बसले होते. रागात लिहिलेलं सगळं मागे घेत नाही, पण "एकटीला करमत नाही" हा टोमणा मागे घेते. तो लिहिताना मीही एकटीच्याच घरात बसले होते, ते मला दिसत होतं.

राहायचं कुठे ते अजून ठरलं नाही. इथे एका बाईच्या तळघरातली खोली बघितली, तिच्या कुत्र्याला मी आवडले. बाईला नाही.

आता एक काम कर. मला अंदाज नकोत, डॅनीचे कागद नकोत, झेनोनचेही भाव नकोत. तो होता तेव्हा ते खरे होते, त्यांना तसेच राहू दे. तू दुकानात जा. एकदाच. पाव घे आणि साय घे आणि बिल मला पाठव.

स्टेफा

◆

विनिपेग,
१९ मे

स्टेफा,

गेले.

लुझला विचारायलाच आठवडा घालवला. ती फिलिपिनो आहे, हॉस्पिटलात नर्स, शनिवारी सुट्टी असते. मी कुंपणावरून म्हटलं, "लुझ, दुकानात जाताना मला नेशील?" ती हातातला कपड्यांचा पिळा तसाच धरून म्हणाली, "मिसेस मिर्का, तीन वर्षं मी रोज विचारायचं म्हणते आणि तुमचा चेहरा बघून परत जाते. चपला घाला. आत्ता!"

म्हटलं, केस तरी विंचरते. ती म्हणाली, "केस दुकानाला दाखवायचेत का?"

दुकानातला दिव्यांचा उजेड इतका होता की मी सामानाच्या ढकलगाडीचा दांडा घट्ट धरून उभी राहिले. लुझ हळूच म्हणाली, "मी आहे. हळू चला. आधी केळी बघू, केळ्यांना कोण घाबरतं?" सायीपाशी मी थांबले. चार एकोणपन्नास. मी मोठ्याने म्हटलं, "लुटारू!" शेजारचा एक शीख गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, पुढे बटर आहे. तिकडे जाऊच नका." आम्ही तिघं हसलो. स्टेफा, मी अनोळखी माणसाबरोबर हसले.

काळा पाव पाच एकोणऐंशी, आणि तो काळा नाहीच, रंगवलेला आहे. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बिल हवंय की टाकून देऊ?" मी म्हटलं, हवंय, वाचायचंय. तिने माझ्याकडे बघितलं आणि घडी न करता सरळ हातात दिलं.

घरी सामान टेबलावर ठेवलं. कोट काढला नाही. बिल वाचायला लागले, पण एकटीने वाचायला गेलं की ते नुसते आकडे असतात. बिल सोबत पाठवते.

येताना लुझला विटांच्या इमारतीपाशी थांबायला सांगितलं. घर बघितलं, या वेळी स्वतः. भाडं मॅनेजरने सांगितलं तेच, हीटिंगचे हिवाळ्यात वरचे शंभर तरी धर. स्वयंपाकघर अरुंद आहे, नळ गळतो, लाल पडदे ऊन लागून गुलाबी झालेत. खिडकीतून माझं मागचं दार दिसतं. हे चांगलं की वाईट ते तू ठरव.

हिशेब तुझ्या बाजूने येत नाही. आत्ता भरतेस त्यापेक्षा महिन्याला अडीचशेच्या वर जास्तच जातील. वॉल्टर तिकडे राहील. समुद्र नाही, डास आहेत. मी तुला ये म्हणणार नाही. एकदा म्हटलं होतं, त्यातच तुझी खोली गेली.

मिर्का

◆

व्हँकुव्हर,
१ जून

प्रिय मिर्का,

बिल मिळालं. फ्रिजवर लावलं आहे. फ्रिज विकला की काढीन.

मी पुन्हा हिशेब मांडला. तू म्हणतेस तसाच आला, किंबहुना थोडा वाईट, कारण तू टॅक्स धरला नव्हतास. सिस्टर योसाफाताने तुला पुन्हा फरशी पुसायला लावली असती. फरक भरून काढायला तुमच्या फादरांना पत्र टाकलं आहे, चर्चच्या पियानोवर दोन-चार मुलं शिकवीन म्हणून. त्यांचं उत्तर आलं. पियानो आहे, मुलं शोधतील, आणि तुला सांगायला सांगितलंय की पुढच्या वेळी दार उघड.

माझा पियानो कुणी फुकटही नेईना. शेवटी इथल्या चर्चच्या तळघरात दिला. चार माणसं तो जिन्यावरून उतरवत होती तेव्हा मी आत जाऊन उगाच भांडी धुतली.

रविवारी वॉल्टरकडे गेले. सगळं सांगितलं, भाडं, हीटिंग, सायीचा भावसुद्धा. डॅनी म्हणतो वर्षातून एकदा तो फुलं ठेवील. मी मिसेस पावलिकलाही सांगून ठेवलं आहे. आता तिला एका बसवर पडतं, माझी खोली घेतली आहे तर तेवढं तिने करावं. परतताना पाऊल निघत नव्हतं, मिर्का. हे तुला सांगून ठेवते, म्हणजे आल्यावर मी खिडकीत नुसती बसून राहिले तर विचारत बसू नकोस.

मॅनेजरकडे पैसे भरले. मी आगगाडीने येते आहे, सव्वीस जूनला निघते. नळ त्याने दुरुस्त करायचं कबूल केलंय, पण गुलाबी पडदे राहू देत. कॅनरी नको. पिंजऱ्याची घाण कोण काढणार?

पहिल्या शनिवारी आपण दोघी लुझबरोबर दुकानात जाऊ. घरी आल्यावर तू सामान कपाटात लाव, तुझी जागा तीच. बिल मी वाचीन, कोट घालून. माझा आवाज त्याच्यासारखा नाही आणि तसा काढायचा मी प्रयत्नही करणार नाही. फक्त "लुटारू" आलं की मी थांबेन. ते तू म्हण.

तुझी,
स्टेफा